दगडाची धूळ आणि देहातील कलह
(भोकर येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडास देवपण येत नाही, ही म्हण आपण सारे जाणतो. परंतु टाकी चालविणाऱ्यास काय सोसावे लागते, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. आपल्या वडार समाजाने पिढ्यान् पिढ्या विहिरी खणल्या, बांधांचे दगड घडविले, घरोघरच्या जात्या-पाट्यांना टाकी लावली. या श्रमाबरोबर जी धूळ आपल्या छातीत गेली, तिच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

सर्व दगड सारखे नसतात. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात मोकळी सिलिका अल्प असते. परंतु नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत आणि पलीकडे तेलंगणात ग्रॅनाइट लागतो. त्यात गारेचा अंश पुष्कळ असतो. गार म्हणजेच स्फटिकरूप सिलिका. खडी फोडताना वा यंत्राने छिद्र पाडताना तिचे जे कण उडतात, त्यांतील अत्यंत सूक्ष्म कण डोळ्यांस दिसतही नाहीत आणि तेच फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात.

त्यापासून सिलिकोसिस होतो, हे आता बऱ्याच जणांस ठाऊक झाले आहे. आम्हां शिक्षकांस तर त्याची आठवण पाटीवरच्या पेन्सिलीनेच व्हावी. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे त्या पेन्सिली कापणाऱ्या ५९३ कामगारांची तपासणी झाली; १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात निम्म्याहून अधिकांस हा रोग आढळला. ज्या कांडीने मुले अ, आ, इ गिरवीत, तिची किंमत कोणी दिली ते यावरून कळते.

परंतु या धुळीचा उपद्रव छातीपुरताच नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील डॉ. ब्रॅमवेल यांनी १९१४ साली कातडी घट्ट व कठीण होत जाण्याच्या स्क्लेरोडर्मा या व्याधीचे ९ रोगी वर्णिले. त्यांतील ५ जण पाथरवट होते. थंडगार छिन्नी हाती धरल्याने असे होत असावे, असा त्यांचा तर्क होता. पुढे १९५७ साली दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांतही हीच व्याधी नोंदली गेली, आणि दृष्टी छिन्नीवरून धुळीकडे वळली. आज संधिवाताचा रुमेटॉइड हा प्रकार, ल्युपस आणि स्क्लेरोडर्मा या तिन्ही व्याधींशी सिलिकेचा संबंध मानला जातो.

हे घडते कसे? फुप्फुसात भक्षक पेशी असतात. बाहेरून आलेला कण गिळून पचविणे हे त्यांचे काम. सिलिकेचा कण त्यांस पचत नाही. तो पेशीस आतून फाडतो, पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्यास गिळते. असा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. मेलेल्या पेशींचा हा कचरा पाहून शरीराची संरक्षक शक्ती गोंधळते व स्वकीयांविरुद्धच शस्त्रे घडवू लागते. गावच्या राखणदाराने चोर सोडून घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसा हा प्रकार होय.

यात बिडी भर घालते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, सिलिकेच्या धुळीत काम करून धूम्रपानही करणाऱ्या पुरुषांत रुमेटॉइड संधिवाताच्या एका मुख्य प्रकाराचा धोका, या दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या मानाने सुमारे ७ पट आढळला. याचा अर्थ प्रत्येक सांधेदुखी धुळीमुळेच होते, असा मुळीच नाही. अन्य कारणे अनेक आहेत. परंतु चाळिशीच्या आतील दगडफोड्याची बोटे सकाळी तासभर आखडून राहत असतील, थंडीत ती पांढरी पडत असतील, तर 'वात आहे' म्हणून तेल चोळीत बसू नये. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे, आणि आपण किती वर्षे दगडात काम केले हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. खोकला असल्यास क्षय व सिलिकोसिस या दोहोंची तपासणी करवावी; दोन्ही एकत्रही असू शकतात.

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने व १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला व्यवसायजन्य रोगांच्या यादीत स्थान दिले. सांध्यांच्या या व्याधीस मात्र त्यांत स्थान मिळाले नाही. राजस्थान सरकारने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. असा हक्क मागावयाचा तर पुरावा हवा. आणि आज या क्वारीवर, उद्या त्या पुलावर काम करणाऱ्या आपल्या माणसाजवळ हजेरीचा कागदही नसतो.

म्हणून माझी विनंती अशी : दगडावर पाणी मारूनच काम करावे, तोंडास साधे फडके पुरत नाही, एन-९५ मुखपट्टी मालकाकडे मागावी, धुळीचे कपडे घरात झटकू नयेत, कारण ती धूळ लेकराबाळांच्या श्वासात जाते. आणि मंडळाने एक नोंदवही घालावी. कोण, कोठे, किती वर्षे, कोणत्या दगडात राबला, एवढेच तीत लिहावे. आपल्या वाडवडिलांचे हात लोकांच्या इमारतींत राहिले, त्यांची नावे कोठेच राहिली नाहीत. निदान पुढच्या पिढीची तरी नावे कागदावर राहोत.