मजकूर तपासणाऱ्या एआय एजंटच्या सूचनांची पारख

मजकूर तपासणीचे साधन कधी वापरायचे आणि त्याचा निकाल कसा वाचायचा, हे एआय एजंटला लेखी सूचनांमधून शिकवले जाते. २०१७ मध्ये आलेले ‘पर्स्पेक्टिव्ह’ हे साधन मजकुराला ० ते १ दरम्यान गुण देते. हा गुण वाचकाला मजकूर विखारी वाटण्याची शक्यता सांगतो, विखाराची तीव्रता नव्हे. चांगल्या सूचनेत हा फरक स्पष्ट असावा लागतो.

पारख करताना माणसांनी आधी वर्गवारी केलेले तेच नमुने एजंटला दोनदा दिले जातात: एकदा सूचनेसह, एकदा सूचनेविना. त्यांत उघड शिवीगाळ हवी, तसाच निर्दोष पण फसवा मजकूरही हवा. उदाहरणार्थ, मिळालेली शिवी जशीच्या तशी सांगून केलेली तक्रार. मग निर्दोष मजकूर अडवणे आणि घातक मजकूर सुटणे, या दोन चुका वेगवेगळ्या मोजल्या जातात. साधन बंद पडल्यास किंवा गुण सीमेवर आल्यास एजंट निर्णय माणसाकडे सोपवतो का, हेही पाहिले जाते.

मराठीसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा अशाच वर्गवारी केलेल्या ट्वीटचा संच तयार केला. असे संच गरजेचे आहेत, कारण इंग्रजीत खरी उतरलेली सूचना मराठी नमुन्यांवर स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय विश्वासार्ह ठरत नाही.