नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँक खात्याला, सोसायटीतल्या फ्लॅटला नॉमिनी लावला की वारसाहक्काचं काम झालं, असं कितीतरी घरांत मानलं जातं. तसं नाही. नॉमिनी रक्कम किंवा मालमत्ता स्वीकारतो, पण वारसांच्या वतीनं. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हेच सांगितलं.

मृत्युपत्र नसेल, तर हिंदू पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान मिळते. लग्न झालेली मुलगीही त्यात आली. आईचा वाटा मात्र फार घरांत विसरला जातो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. मात्र १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेतच. त्यांना मजकूर माहीत असण्याची गरज नाही. तुम्ही त्यांच्यासमोर सही करा, त्यांनी तुमच्यासमोर करावी. ज्याला मिळकत द्यायची, त्याला साक्षीदार करू नका. गोव्यात मुलाबाळांचा निम्मा वाटा सहसा मृत्युपत्रानंही काढून घेता येत नाही. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं वैध ठरतं; म्हणून तारीख अवश्य घाला.