संगणकाच्या काळ्या पडद्यावरील आद्याक्षरे

(पर्वत पाटिया, सुरत येथे मराठी भाषक पालक व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून कापडधंद्यानिमित्त सुरतेत स्थायिक झालेल्या कुटुंबांना यंत्राची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. भरतकामाचे संगणकीय यंत्र थांबले की कारागीर प्रथम त्याच्या पडद्यावरील सूचना पाहतो आणि मगच धाग्याला हात घालतो. शाळेतील संगणकाच्या बाबतीत मात्र उलट घडते. काळ्या पडद्यावर चार इंग्रजी अक्षरे उमटली की ‘संगणक गेला’ असे ठरते व तो कपाटात जातो. ती अक्षरे म्हणजे बहुधा दोषाचा पत्ताच असतो.

संगणकाला वीज मिळताच सर्वप्रथम जी आज्ञावली जागी होते, तिला फर्मवेअर म्हणतात. ती मुख्य फलकावरील एका चिपमध्ये नोंदलेली असते व वीज गेली तरी पुसली जात नाही. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधली वस्तू, या अर्थाने अ‍ॅशर ओप्लर यांनी १९६७ साली हा शब्द योजला. ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम’ यांची आद्याक्षरे म्हणजे बायोस. हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतून आले व १९८१ च्या आयबीएम संगणकाबरोबर सर्वत्र रुजले. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे. तथापि दुरुस्ती करणारे आजही बायोसच म्हणतात, आणि त्याने काही बिघडत नाही.

पडद्यावर ‘पोस्ट’ हा शब्द दिसल्यास त्याचा टपालाशी संबंध नाही. ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’, म्हणजे वीज मिळताच संगणकाने केलेली स्वतःची तपासणी. स्मृती, कळफलक इत्यादी जागेवर आहेत की नाहीत, हे तीत पाहिले जाते. पडदाच उजळला नाही, तर दोष शिट्ट्यांच्या संख्येने कळविला जातो. या शिट्ट्यांचे अर्थ उत्पादकागणिक बदलतात. म्हणून त्या मोजून लिहून ठेवाव्यात, अर्थ स्वतः लावू नये.

सर्वाधिक गैरसमज ‘सीमॉस’ या शब्दाविषयी आहे. संगणकाचे घड्याळ व काही जुळण्या जपणारा हा भाग बटणासारख्या तीन व्होल्टच्या घटावर चालतो. पुष्कळ संगणकांत तो घट सीआर-२०३२ या क्रमांकाचा असतो. तो संपला की ‘सीमॉस चेकसम एरर’ अशी सूचना येते आणि दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. सुरक्षित संकेतस्थळे आपल्या प्रमाणपत्राची मुदत दाखवितात आणि संगणक ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ चुकले की शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडत नाही, आणि शेवटच्या दिवशी विद्यार्थ्याचा अर्ज राहून जातो! दोष ना संकेतस्थळाचा, ना शिक्षकाचा. दोष अल्प किमतीच्या घटाचा. वीजजोडणी काढून जाणत्याकडून घट बदलून घ्यावा व दिनांक पुन्हा लावावा.

आता कन्सोलविषयी थोडेसे. प्रणाली आपले निरोप जेथे लिहिते, ते हे स्थान. लिनक्स प्रणालीत तेथे ‘टीटीवाय’ ही अक्षरे दिसतात. ती टेलिटाइपरायटर या शब्दाची होत. आपल्या देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली, परंतु त्या जुन्या दूरमुद्रकाचे नाव संगणकाच्या पोटात अद्याप नांदते आहे.

फर्मवेअर बदलता येते, ही सोय खरी, धोकाही तोच. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने अनेक संगणकांच्या चिपमधील बायोस खराब केले आणि ते सुरूच होईनात. फर्मवेअर बदलत असताना मध्येच वीज गेल्यासही असे घडू शकते. म्हणून हे काम निकड असेल तरच, उत्पादकाने दिलेल्या प्रतीवरूनच आणि बॅटरीच्या राखीव विजेवर करावे. तक्रारवहीत ‘संगणक बंद’ एवढेच न लिहिता पडद्यावरील ओळ जशीच्या तशी उतरवावी, किंवा भ्रमणध्वनीने तिचे छायाचित्र घेऊन दुरुस्ती करणाऱ्याकडे आधीच पाठवावे. मग तो येतानाच योग्य भाग घेऊन येईल.