पुढचं लिनक्स निवडताना

जामनेरला आज जमलेल्यांपैकी अनेकांनी उबुंटू किंवा मिंटपासून सुरुवात केली असेल. टर्मिनलची भीती गेली की प्रश्न येतो, आता पुढचं कोणतं? पडदा कसा दिसतो हे मी शेवटी बघतो. आधी तीन प्रश्न विचारतो.

पहिला, निर्णय कोणाच्या हातात? सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणली. फुकट मिळालं म्हणजे आपलं झालं, असं नाही. डेबियन स्वयंसेवक चालवतात; प्रमुखही ते दरवर्षी मतदानाने निवडतात.

दुसरा, अपडेट किती? आर्चमध्ये नव्या आवृत्त्या सतत येतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डेटा संपतो, आणि मध्येच लाईट गेली तर दुरुस्ती आपल्याच गळ्यात. डेबियन स्टेबलमध्ये मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. सॉफ्टवेअर मात्र थोडं जुनं असतं.

तिसरा, तुमच्यामागे कोण सांभाळणार? अभ्यासिकेतला संगणक तुम्हा एकट्यालाच कळत असेल, तर तुम्ही शिकायला पुण्याला गेलात की तो धूळ खात पडेल. त्यावर मराठी आणि उर्दू दोन्ही टाईप करून बघा; नस्तालिक नीट उमटतं का, तेही पाहा.

म्हणून अभ्यासिकेसाठी मी डेबियन सुचवतो. स्वतःच्या लॅपटॉपवर आर्च जरूर शिका. फक्त आधी आपल्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि ती उघडते का हे तपासूनच जुनं पुसा.