वर जाणारी हवा आणि खाली बसणारा गॅस

धाटावहून बोलतेय. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. गरम हवेचा फुगा, ज्याला खाली टोपली असते आणि टोपलीत माणसं बसतात, तो उडतो कसा? बचत गटाच्या बायकांना त्याचं काय काम? काम आहे. ऐका.

आधी एक विचारते. दहा बाय दहाच्या खोलीत हवा किती किलो असेल? आपण म्हणतो, हवेला कसलं वजन! पण छत नऊ फुटांवर असेल तर त्या खोलीतली हवा साधारण 30 किलो भरते. तांदळाचं एक मोठं पोतंच म्हणा. आता ती हवा उकळत्या पाण्याइतकी, म्हणजे 100 अंशांपर्यंत तापवली तर ती फुगते, पसरते. खोलीत मावत नाही म्हणून थोडी फटींतून बाहेर जाते. खोली तेवढीच राहते, पण आतली हवा जवळजवळ साडेपाच किलोने हलकी होते. भिंती, छप्पर सगळं मिळून साडेपाच किलोपेक्षा कमी वजनाचं असतं, तर ती खोली वर उचलली गेली असती. भिंती विटांच्या म्हणून आपली घरं जागेवर आहेत!

फुगा म्हणजे हीच खोली, फक्त पातळ कापडाची आणि खूप मोठी. तीन-चार माणसं नेणाऱ्या फुग्यात आपल्या अशा 85 खोल्यांची हवा मावते. 85 गुणिले साडेपाच, म्हणजे पावणेपाचशे किलोच्या आसपास. त्यात कापड, टोपली, गॅसच्या टाक्या आणि माणसं, सगळं आलं. फुगे पहाटे उडवतात, कारण तेव्हा वारा शांत असतो आणि बाहेरची हवा गार, म्हणजे जड असते. आत-बाहेरचा फरक जितका जास्त, तितका उचल जास्त.

फ्रान्समध्ये 1783 साली माँगोल्फिये नावाच्या भावांनी हे पहिल्यांदा लोकांना दाखवलं. त्यांचा कागदाचा कारखाना होता. त्यांना वाटायचं, धुरातच काहीतरी खास आहे, म्हणून ते पेंढा आणि लोकर जाळून दाट धूर करायचे. खरं काम उष्णतेचं होतं, धुराचं नाही. फुग्यातून पहिली सफर कोणी केली माहीत आहे? एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. माणसाची पाळी दोन महिन्यांनी आली. पुढे 26 नोव्हेंबर 2005 ला आपल्या मुंबईतून विजयपत सिंघानिया अशाच फुग्याने 21 किलोमीटरपेक्षा उंच गेले आणि नाशिक जिल्ह्यात पांचाळे गावाजवळ उतरले. वय 67. तिथे वर हवा इतकी विरळ असते की उघड्या टोपलीत माणूस जगत नाही, म्हणून ते बंद कुपीत बसले होते.

आता आपल्याकडे या. दिवाळीत कागदाचे उडते कंदील सोडतात ना? तोही गरम हवेचा फुगाच. खाली वात पेटते, आतली हवा हलकी होते, कंदील जातो. दिसतो छान, नाही म्हणत नाही. पण त्याला ना सुकाणू, ना दोरी. तो कुठे जाणार हे वारा ठरवतो. वाऱ्याने कलला तर कागदच पेटतो, आणि वातीत धग असतानाही तो खाली येऊ शकतो. आणि दिवाळीत आपल्याकडे काय असतं? भात कापलेलं, खळ्यावर उडव्या रचलेल्या, पेंढा वाळलेला. वर्षभराचं धान्य आणि गुरांची वैरण एका ठिणगीच्या अंतरावर. मुंबईत पोलिसांनी यावर मनाईचे आदेश काढलेत. आपण आदेशाची वाट कशाला पाहायची? ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या: गावात हे विकायचे नाहीत, उडवायचे नाहीत. आपले गट जे कंदील बनवतात ते टांगायचे असतात, त्यांची विक्री जोरात होऊ दे.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते आजची सर्वांत महत्त्वाची. गरम हवा वर जाते, पण प्रत्येक वायू वर जात नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की तो छताकडे जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, कोपऱ्यात, खालच्या खोलगट जागेत साचतो. चुलीच्या धुरासाठी आपण उंचावर धुराडं ठेवतो. गॅसला तेवढं पुरत नाही, त्याला जमिनीलगत वाट लागते. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नका, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर ठेवा.

वास आला तर दिवा लावू नका आणि लागलेला बंदही करू नका. बटण दाबताना बारीक ठिणगी पडते, तेवढी पुरते. पंखासुद्धा नाही. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, विशेषतः दार, कारण ते जमिनीपर्यंत असतं. मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडा. फोन बाहेर गेल्यावरच करा. गॅसगळतीसाठीचा नंबर आहे 1906. पुन्हा सांगते, एक-नऊ-शून्य-सहा. रेग्युलेटरजवळ भिंतीवर खडूने लिहून ठेवा.