वहिनींची शिंक आणि सूर्यनारायण

आमच्या बचत गटातर्फे आज आम्ही तुमच्यापुढे एक शास्त्रीय संशोधन मांडणार आहोत. विषय आहे आमच्या गटातल्या धाकट्या वहिनींचं नाक. त्यांची परवानगी घेतलेली आहे. त्या इथं शेजारीच बसल्यात, आणि या खोलीत ऊन येत नसल्यामुळं अगदी शांत आहेत.

या नाकाचा गुण असा की घरातून उन्हात पाऊल टाकलं की शिंक येते. सर्दी नाही, धूळ नाही, मिरचीची फोडणी नाही. उंबरठा ओलांडला, ऊन डोळ्यांवर आलं, की पहिली शिंक. मागोमाग दुसरी. दोन म्हणजे दोनच, तिसरी कधी नाही.

आम्ही ७ दिवस अभ्यास केला. साहित्य: गटाची जुनी वही, मोबाइलचं घड्याळ, साक्षीदार ३ आणि नाक १. पहिला प्रयोग, सकाळी १० वाजता अंधाऱ्या माजघरातून थेट अंगणात. शिंका २. दुसरा, दिवस मावळल्यावर त्याच दारातून, तोच पाय पुढं टाकून. शिंका ०. तिसरा, पदर कपाळावरून खाली ओढून भर दुपारी. शिंका ०. चौथा, भाच्याचा गॉगल लावून. शिंका ०, पण साक्षीदारांना इतकं हसू आलं की वहीतल्या सह्या वाकड्या झाल्या. निष्कर्ष असा की या नाकाला मुहूर्त कळत नाही, वार कळत नाही, दिशाही कळत नाही. त्याला फक्त उजेड कळतो.

आता मोठ्या शास्त्रज्ञांकडं वळू. ग्रीस देशातल्या ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात फार पूर्वीच विचारलंय की उन्हानं शिंक का येते? तिथं उत्तर दिलंय, उन्हाच्या उष्णतेनं. पुढं सतराव्या शतकात इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकननं सांगितलं की डोळे मिटून उन्हाकडं तोंड केलं तर शिंक येत नाही. म्हणजे कारण उष्णता नव्हे, डोळ्यांत शिरणारा उजेड. आमचा पदराचा प्रयोग हाच, फक्त बेकनसाहेबांकडं पदर नव्हता. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या गुणाला लांबलचक नाव दिलं. त्यातली आद्याक्षरं जुळवली की इंग्रजीत 'आच्छू' होतं! डॉक्टरांनाही विनोद सुचतो बरं का.

शास्त्र सांगतं की ४ ते ५ माणसांमागं एखाद्याला तरी असं होतं. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात तो गुण उतरण्याची शक्यता साधारण निम्मी. डोळ्यांकडून येणारा उजेडाचा निरोप आणि नाकाची खाज सांगणारी नस यांची मेंदूत कुठंतरी गल्लत होत असावी, असा अंदाज आहे. शेजारच्या घराची बेल वाजली आणि दार आपण उघडलं, तसं काहीसं.

इथवर हसून झालं. पण हे संशोधन हाती घ्यायला कारण घडलं होतं. आपल्याकडं कुणी निघताना शिंक आली की थांबायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं. कामात अडथळा आला की 'माशी कुठं शिंकली' असं आपण म्हणतोच. आता बघा, माणसं गावाला निघतात ती बहुधा दिवसा, सावलीच्या घरातून उन्हाच्या अंगणात. वहिनी निरोप द्यायला दारात येणार आणि नेमक्या तेव्हाच शिंकणार. यात अपशकुन कसला? घराचं दार पूर्वेला आहे, एवढंच!

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या चुलतसासऱ्यांच्या छातीत कळ आली. जीप दारात उभी. वहिनी पाण्याची बाटली द्यायला धावल्या आणि शिंकल्या. सगळे खाली बसले. १० मिनिटं. माणसं बसली, पण छातीतली कळ काही बसली नाही. मामंजी वाचले, आज हिंडतफिरत आहेत. मात्र 'कुणी निघालं की हिनं मागच्या दारी थांबायचं' असा घरात नियम झाला. लेक दहावीच्या परीक्षेला निघाली, तेव्हा तिच्या हातावर दही घालायलाही वहिनी पुढं आल्या नाहीत.

खरं तर शकुन मानणाऱ्यांच्याच हिशेबानं एक शिंक वाईट आणि दोन चांगल्या. म्हणजे वहिनी कायमच्या शुभ ठरतात! पण पहिल्या शिंकेलाच निकाल लागतो, दुसरीची वाट कोण बघतो?

आम्ही वही घेऊन सासूबाईंकडं गेलो. त्यांनी सगळे आकडे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकालाही उन्हात शिंका येतात की. त्याला कधी कुणी मागच्या दारी बसवलं नाही." त्या दिवसापासून वहिनी पुढच्या दारात उभ्या राहतात, डोक्यावर पदर घेऊन.

तुमच्याकडं असं कुणी असेल तर टोपी, छत्री, गॉगल वापरायला सांगा. गाडी चालवत असतील तर बोगद्यातून उन्हात येताना वेग आधीच कमी करावा. डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगावं. आणि सगळ्यांनीच एक पाळा. आजारी माणूस, बाळंतीण किंवा साप चावलेलं लेकरू दवाखान्यात न्यायचं असेल, तर घरात कुणीही शिंको, गाडी थांबवायची नाही.

शिंकणारीच्या हातात रुमाल द्या आणि निघा.