नजर आणि लक्ष

(इटारसी येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागण्यांचे निवेदन तुमच्या हातात आहे आणि त्यावर बोलणारे वक्ते माझ्यानंतर आहेत. मी बोलणार आहे ते एका साध्या गोष्टीविषयी. ती आपण ड्युटीवर नियमाने करतो आणि ड्युटीबाहेर विसरतो.

मी टपाल खात्यातला, आर.एम.एस.चा माणूस. नोकरीची बरीच वर्षे रेल्वेच्या फलाटावरच गेली. तिथे एक गोष्ट मी नेहमी पाहत आलो. न थांबणारी गाडी स्टेशनातून धडधडत जाते, तेव्हा स्टेशनमास्तर हातात हिरवा झेंडा घेऊन बाहेर उभा असतो. पलीकडच्या बाजूला पॉइंट्समन असतो. प्रवाशाला वाटते, हा नुसता निरोप देतो आहे. पण तो पाहत असतो. एखादा अ‍ॅक्सल तापून धूर येतोय का, ब्रेक चाकाला चिकटून बसलाय का, डब्याखाली काही लोंबतेय का, मालगाडीचा माल सरकलाय का. तसे काही दिसले की लाल दाखवायचा आणि पुढच्या स्टेशनाला कळवायचे. गेटमनही हेच करतो.

हे का करावे लागते? इंजिनात बसलेल्याला आपल्या मागच्या डब्यांची चाके दिसत नाहीत म्हणून. तो कितीही हुशार असो, वीस वर्षांचा अनुभवी असो, त्याच्या गाडीखाली काय चालले आहे हे बाहेर उभ्या असलेल्यालाच दिसते. यात कोणाचा अपमान नाही. उलट झेंडा दिसला नाही तर ड्रायव्हरलाच चैन पडत नाही.

माणसाचेही असेच आहे. आपले चाक कुठे तापते आहे, हे आपल्याला शेवटी कळते. शेजारच्याला आधी दिसते.

आमच्या सेटमध्ये एक सॉर्टर होता. हात इतका चलाख की पत्र खणात पडलेले दिसायचे नाही. पुढे त्याच्या हातून चुका होऊ लागल्या. एका गावची पत्रे दुसऱ्या गावच्या खणात जाऊ लागली. कार्यालयाने चुका मोजल्या, मेमो दिला, दुसरा मेमो दिला. आमच्यातल्या एका वयस्क मेलगार्डाने मात्र वेगळेच पाहिले. हा माणूस हल्ली चहाला येत नाही आणि डबाही आणत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. एके रात्री आपला डबा त्याच्यापुढे उघडून तो एवढेच म्हणाला, "अरे, अर्धी भाकरी घे, मला एकट्याला जात नाही." त्या भाकरीवर सगळे बाहेर आले. घरी बायकोचे आजारपण, औषधासाठी सावकाराचे पैसे, व्याज पगारापेक्षा वेगाने वाढते आहे. मग युनियनने पतपेढीतून कर्ज मिळवून दिले, सावकाराचे तोंड बंद केले, चौघांनी ड्युट्या बदलून दिल्या. चुका आपोआप थांबल्या. मेमो देणाऱ्याने पत्रे पाहिली होती, भाकरी देणाऱ्याने माणूस पाहिला होता.

मराठीत दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत: नजर ठेवणे आणि लक्ष असणे. नजर ठेवणारा चूक सापडायची वाट पाहतो. लक्ष असणारा चूक होऊ नये म्हणून जागा राहतो. हेड पोस्ट ऑफिसातल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक खजिनदाराकडे, दुसरी पोस्टमास्तरकडे. नव्या माणसाला वाटते, आपल्यावर विश्वास नाही. पण रोकड कमी भरली की कळते, दुसरी किल्ली आपल्याला वाचवण्यासाठीही होती.

बंधूंनो, आज नजर वाढते आहे आणि लक्ष कमी होते आहे. पोस्टमनच्या हातातल्या मोबाईलमध्ये कोणते टपाल किती वाजता कुठे दिले, हे नोंदले जाते. ऊन किती होते, तिसरा मजला चढताना गुडघा किती दुखला, हे त्यात येत नाही. रुळाजवळ बसवलेली यंत्रे तापलेला अ‍ॅक्सल टिपतात. चांगलेच आहे, अपघात टळत असतील तर यंत्राला आपला विरोध नाही. काही मालगाड्यांच्या शेवटच्या डब्यावर गार्डच्या जागी यंत्र आले आहे. 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव मोठे झाले, पण जंगलात गाडी तासन् तास उभी राहिली की त्या शेवटच्या डब्यात तो पूर्वीइतकाच एकटा असतो. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, तेव्हा दोघांचे काम एक करतो एवढेच नुकसान होत नाही. त्याच्याकडे पाहणारा दुसरा माणूसही जातो. म्हणून जागा भरा ही मागणी पगाराइतकीच जिवाची आहे.

पण सरकारकडे बोट दाखवताना आपल्याही कोपऱ्यात पाहू या. फलाट झाडणारी कंत्राटी बाई, पहाटे टपालाच्या थैल्या उतरवणारा रोजंदारीवरचा मुलगा, खेड्यातले पोस्ट सांभाळणारा ग्रामीण डाक सेवक. ही माणसे आपल्या चहाच्या वर्तुळात आहेत का? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? सातारा-कोल्हापूरकडून नवा पोरगा बदलीवर इथे येतो, घरचे माणूस नाही, कानावर मराठी शब्द नाही. संध्याकाळी खोलीवर तो काय करतो, हे कोणी विचारतो का? 1974 च्या मे महिन्यात 8 तारखेपासून 27 तारखेपर्यंत रेल्वे कामगारांनी संप टिकवला. पगार बंद, अटका चालू, क्वार्टरमधून बाहेर काढण्याच्या धमक्या. असा संप नुसत्या भाषणांवर टिकत नसतो. शेजारच्या घरात आज चूल पेटली की नाही, हे पाहणारे शेजारी लागतात.

शेवटी ट्रॅकमन बंधूंचा एक नियम सांगतो, टपालवाल्यांनी मुद्दाम ऐकावा. पावसाळ्यात रात्री गस्त घालणारा ट्रॅकमन आपल्या हद्दीच्या टोकाला जातो आणि पलीकडून आलेल्या गस्तवाल्याच्या हाती गस्तीची वही देतो. पलीकडचा आला नाही, तर याने "माझी हद्द संपली" म्हणून परत फिरायचे नसते. तो भेटेपर्यंत पुढे चालत जायचे असते.

हा नियम आपण ड्युटीबाहेरही पाळावा, एवढेच माझे मागणे आहे. जो चहाला आला नाही, सभेला आला नाही, चार दिवस बोलला नाही, त्याच्यापर्यंत चालत जा. हद्द कोणाची, हे नंतर पाहू.

 कामगार एकजुटीचा विजय असो!